चेहरा कुणाचा, खूण कुणाची?

हार्टमान शेडेल याने लिहिलेला जगाचा इतिहास १४९३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे आंतोन कोबर्गर याने छापला. या ग्रंथात १८०० हून अधिक चित्रे आहेत. ती छापण्यासाठी कोरलेले लाकडी ठसे मात्र साधारण ६५०. एका पानावर भेटलेला चेहरा पुढे दुसऱ्याच नावाने समोर येतो. शहरांच्या चित्रांचेही तेच. हा हिशेब प्रथम कळला तेव्हा श्रद्धेने पान उलटणाऱ्या वाचकाची ही फसवणूकच, असे मला वाटले होते.

पुनरावृत्तीचे एक कारण छापखान्यातच सापडते. ठशाची उंची खिळ्यांएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच दाबात उमटत. पण ठसा कोरणे हे वेळखाऊ, कसबी काम. एकदा तयार झालेला ठसा पुन्हा वापरणे सोयीचे होते.

पण खर्चाने सारा उलगडा होत नाही. मुळात त्या काळचा वाचक संताला चेहऱ्यावरून ओळखतच नव्हता. हातात किल्ल्या दिसल्या की तो पीटर, लोखंडी जाळी असली की लॉरेन्स, चाक असले की कॅथरिन, शेजारी सिंह बसला असला की जेरोम. जाळी आणि चाक ही तर छळाचीच साधने. तीच त्या संतांची ओळख ठरली. अक्षर न येणाऱ्यालाही ही लिपी वाचता येई.

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात संत क्रिस्टोफरचे १४२३ साल कोरलेले एक ठसाचित्र आहे. त्याखालील ओळींचा आशय असा, की ज्या दिवशी हा चेहरा पाहाल त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. येथे तर चेहऱ्याच्या दर्शनालाच फळ सांगितले आहे! तरीही तो चेहरा क्रिस्टोफरचा ठरतो तो खांद्यावरच्या बाळ येशूमुळे आणि पायांखालच्या नदीमुळे.

मग मला आपले घर आठवले. ज्ञानेश्वरांना समोर बसवून काढलेले चित्र आपल्याकडे नाही. तरी रेडा किंवा चालती भिंत दिसली की आपण निःशंकपणे हात जोडतो. त्या नमस्काराला कुणी फसवणूक म्हणणार नाही. न्यूरेंबर्गच्या वाचकाविषयीचे माझे पहिले मत मी तेव्हाच मागे घेतले.