जतच्या तळ्यातून मासळीच्या व्यवसायात

मासळीचा व्यवसाय म्हटला की डोळ्यांपुढे होडी, जाळे आणि समुद्र उभा राहतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत तालुक्यापासून समुद्र फार लांब. पाऊसही येथे कमी आणि लहरी. दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. अशा गावातील मुलाला किंवा मुलीला मासळीच्या व्यवसायात शिरता येईल काय? येईल, पण त्यासाठी होडीपेक्षा पाण्याची ओळख अधिक हवी.

तालुक्यात संख, दोड्डनाला यांसारखे तलाव आहेत; डाळिंब-द्राक्षांच्या बागांसाठी खोदलेली शेततळीही आहेत. मासे पाणी संपवीत नाहीत. मासे वाढविलेले पाणी पुढे बागेला देता येते आणि त्यातील नत्र झाडांना उपयोगी पडते.

तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे एकत्र सोडतात. याचे कारण मोठे मजेदार आहे. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी कुजलेले पदार्थ वेचतो. तिघांची पंगत वेगळी, म्हणून भांडण नाही! प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र तळाला चिखल नसतो. तेथे नैसर्गिक अन्न कमी, म्हणून पेंड व कोंडा असे खाद्य बाहेरून द्यावे लागते.

खरी परीक्षा पहाटे होते. दिवसा पाण्यातील शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू सोडते. रात्री मात्र शेवाळ आणि मासे दोघेही प्राणवायू वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी होतो. लिटरभर पाण्यात सुमारे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला, तर हे मासे सुखाने वाढतात. तो फार घटला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करतात. तेव्हा पंपाने पाणी फवारले नाही, तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

आता बीजाचे पाहू. हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात सहसा घालीत नाहीत. त्यामुळे पूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीजकेंद्रे उभी राहण्याचा मार्ग खुला झाला. जतसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पाणी आटते, म्हणून इवले जिरे सोडण्यापेक्षा वाढलेली बोटुकली सोडणे शहाणपणाचे.

या धंद्यात कामे अनेक आहेत: बीज तयार करणे, पाणी तपासणे, खाद्य बनविणे, बर्फातून वाहतूक, प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता पाहणे. शिक्षणाच्या वाटाही आहेत. दहावीनंतर कोचीच्या केंद्रीय संस्थेत नौकाचालक किंवा सागरी फिटर यांचे प्रशिक्षण घेता येते. बारावी विज्ञानानंतर रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी मिळते. हे महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. पुढील संशोधनासाठी १९६१ मध्ये स्थापन झालेली मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

काम मात्र सोपे नाही. खोल समुद्रातील नोकरीत अनेक दिवस घर दिसत नाही. तलावात मासेमारीचा ठेका लागतो, आणि तो बहुधा मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून नवख्याने आधी एखाद्या चालत्या तळ्यावर वर्षभर काम करावे आणि खर्च-उत्पन्नाची वही ठेवावी.

तुम्हीही आज एक प्रयोग करू शकता. पांढऱ्या ताटलीला वजन बांधून ती दोरीने तळ्यात सोडा आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजा. ३० ते ४० सेंटिमीटर असेल, तर पाणी माशांना चांगले. २० पेक्षा कमी भरले आणि पाणी हिरवे असले, तर शेवाळ फार झाले. पहाटेची काळजी घ्या. मात्र प्लॅस्टिकचे काठ निसरडे असतात आणि आत पडलेल्याला वर चढता येत नाही. म्हणून मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय तळ्याकडे जाऊ नका.