कल्हईवाला, नवसागर आणि आपला पीसीबी

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आपल्या देवपूरच्या हॉस्टेलमध्ये अंघोळीला पाणी नव्हते. त्याला जबाबदार आम्ही तिघे होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. गच्चीवरच्या टाकीसाठी आम्ही वॉटर लेव्हल इंडिकेटर बनवला होता. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात तो अगदी इमानदारीत चालला. ऑगस्टमध्ये हवा दमट झाली आणि टाकी रिकामी असताना चारही एलईडी लागलेले! वॉचमन काकांनी एलईडी पाहिले आणि मोटर लावलीच नाही. (पुढे आम्हाला काय ऐकून घ्यावे लागले ते छापण्याजोगे नाही.)

आयसी बदलला, वायर बदलली, बॅटरी बदलली. काही फरक नाही. शेवटी लॅबमधल्या काकांनी बोर्ड उलटा केला आणि विचारले, "पेस्ट कोणती लावली रे?" हार्डवेअरच्या दुकानातली, डबीतली पिवळी. "मग धुतली का?" धुवायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

आपल्यापैकी काहींनी लहानपणी कल्हईवाला पाहिला असेल. भांडे तापवायचे, कथिल लावायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवले की कथिल आरशासारखे पसरते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, आणि हे आम्ल तांब्यावरचे ऑक्साईड खाऊन टाकते. स्वच्छ धातूलाच कथिल धरते. सोल्डरिंगमधला फ्लक्स हेच काम करतो. पण कल्हईवाला शेवटी भांडे पाण्यात बुडवतो, चुर्रर्र आवाज येतो, आणि उरलेला क्षार धुतला जातो. आम्ही ही शेवटची पायरीच गाळली होती.

डबीतल्या पेस्टमध्ये बहुधा झिंक क्लोराईड असते, सोबत कधी नवसागरही. झिंक क्लोराईड हवेतले पाणी ओढून घेते. कोरड्या मे महिन्यात ते गप्प बसते. दमट हवेत त्याचे खारे पाणी होते, आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. आमच्या सर्किटमध्ये सीमॉस आयसीच्या प्रत्येक इनपुटला २.२ मेगाओहमचा पुल-डाउन रेझिस्टर आणि शेजारून ९ व्होल्टचा ट्रॅक. मधल्या घाणीचा रोध १ मेगाओहम धरला तरी इनपुटवर ९ × २.२ ÷ ३.२, म्हणजे सुमारे ६.२ व्होल्ट येतात. आयसीच्या लेखी टाकी भरली! ही घाण बरेच दिवस राहिली तर तांबे हिरवे पडते, आणि धातूचे आयन एका ट्रॅककडून दुसऱ्याकडे सरकून झाडाच्या फांद्यांसारखी बारीक तार उगवते. मग थेट शॉर्ट.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी खरा फ्लक्स म्हणजे राळ, चीडाच्या झाडाची. सारंगीच्या गजाला लावतात तीच. तिच्यातले अ‍ॅबिएटिक आम्ल गरम असताना काम करते आणि थंड झाल्यावर घट्ट होऊन निपचित पडते. (तिचा धूर मात्र नाकात घेऊ नका, त्याने दमा जडतो.)

आता धुवायचे कशाने? आमच्या रूम पार्टनरने पेट्रोल सुचवले होते. पेट्रोलने चिकटपणा जातो, क्षार तसाच राहतो, आणि बोर्ड स्वच्छ दिसतो म्हणून फसगत जास्त. राळेला अल्कोहोल लागते, क्षाराला पाणी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, लावून नुसते पुसले तर विरघळलेली राळ पसरते, आयपीए उडून जाते आणि पांढरट थर राहतो. म्हणून ब्रशने घासायचे, बोर्ड तिरपा धरून ताज्या आयपीएने धुवायचे, वाळायच्या आत टिपून घ्यायचे. आयपीएची वाफ १२ अंशालाच पेट घेऊ शकते, तेव्हा खोलीत शेगडी आणि सोल्डरिंग गन बंद ठेवूनच.

कारखान्यांत एके काळी हे काम सीएफसी-११३ करत असे. जळत नाही, झटकन उडते, प्लास्टिकला फारसे खात नाही. पण सीएफसीमुळे ओझोनला धोका आहे हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते. १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि ते द्रावण बाजारातून गेले. त्याच्या जागी पाण्यावर चालणारी द्रावणे आली आणि 'नो-क्लीन' फ्लक्स आला. माझ्या मते हे नावच घोटाळ्याचे आहे. त्याचेही अवशेष उरतात, फक्त पुरेसे तापले तर ते निरुपद्रवी असतात. हाताने सोल्डर करताना फ्लक्स बाजूला वाहून गेला, नीट तापलाच नाही, तर तो जागाच राहतो. आणि नो-क्लीन अर्धवट धुणे हे अजिबात न धुण्यापेक्षा वाईट, कारण वरचे राळेचे कवच जाते आणि आतला क्षार उघडा पडतो.

आमचा बोर्ड? कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग आयपीए, मग दोन तास टेबल लॅम्पखाली. तीन एलईडी सुधारले. चौथा सुधारला नाही, कारण झिंक क्लोराईडचा काही भाग पाण्याशी मिळून न विरघळणारा पांढरा थर बनवतो आणि तो आयसीच्या पायांखाली बसला होता. शेवटी राळवाल्या सोल्डरने नवा बोर्ड केला. ती डबी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या भाऊंना दिली. त्यांना ती उपयोगी पडते, आणि ते काम झाल्यावर धुतातही.