पान आहे, पण सापडत नाही!

पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते आणि खाडीच्या मुखाशी टेकडीवर छोटेखानी किल्ला आहे. पावसला आलेला पर्यटक वाट वाकडी करून इथवर येतो, त्याची राहण्या-जेवणाची सोय गावात कुणी तरी करणारच. समजा, अशा कुणी आपली वेबसाइट काढली. पत्ता टाइप केला की ती झटकन उघडते, पण गूगलवर शोधावी तर मागमूस नाही. बनवून देणारा म्हणतो, ‘येईल हळूहळू.’ कधी येतेही, कधी वर्ष उलटलं तरी येत नाही.

मुळात आपण काही शोधतो तेव्हा शोधयंत्र इंटरनेट धुंडाळायला निघतच नाही. आधी वाचून ठेवलेल्या पानांची एक सूची त्याच्याकडे असते, तीच ते चाळतं. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे हे सांगणारी शब्दसूची असते, तशीच ही. या सूचीत शेकडो अब्ज पानं असल्याचं गूगल सांगतं. तिच्यात जागा मिळवायची तर पान आधी यंत्राला सापडावं लागतं, मग वाचता यावं लागतं, मग ठेवून घेण्याजोगं वाटावं लागतं. पहिला की पन्नासावा, हा क्रमाचा प्रश्न त्यानंतरचा. घोडं नेमकं कुठे अडलं हे न पाहता केलेले उपाय वाया जातात.

सापडण्यापासून सुरुवात करू. ‘गूगलबॉट’ नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो. ज्या पानाकडे एकही लिंक येत नाही, तिथे तो पोहोचणार कसा? यासाठी पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, आपणहून देता येते. गूगलने ही सोय 2005 मध्ये सुरू केली. पण यादी दिली म्हणजे पान घेतलंच, असं नाही.

कधी आपणच दार लावून घेतलेलं असतं. कुठे येऊ नये हे बॉटला सांगणारी ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल 1994 पासून चालत आली आहे. ‘नोइंडेक्स’ ही सूचना वेगळी: पान वाच, पण सूचीत घेऊ नकोस. वर्डप्रेसमध्ये ‘रीडिंग’ सेटिंगखाली यासाठी एक चौकट असते. काम चालू असताना तिच्यावर खूण केली जाते आणि साइट खुली झाल्यावर ती काढायची राहून जाते. गंमत म्हणजे, फाइलने बॉटला अडवलं तर आतली ‘नोइंडेक्स’ची सूचना त्याला वाचताच येत नाही. मग नको असलेला पत्ता वर्णनाशिवाय निकालात दिसू शकतो.

मराठी पानांचं खरं दुखणं मात्र वाचण्यात आहे. दरपत्रक, जेवणाचा बेत, येण्याचा रस्ता हे सगळं एका चित्रात टाकून चढवण्याची आपल्याकडे रीत आहे. चित्रातली अक्षरं ओळखण्याचं तंत्र आहे, पण त्याच्यावर विसंबू नये. जुन्या फॉन्टांचा घोळ याहून अवघड. युनिकोडमध्ये ‘पूर्णगड’ सात चिन्हांनी साठवला जातो: प, दीर्घ उकार, र, हलन्त, ण, ग, ड. रफार दिसतो ‘ण’च्या डोक्यावर, पण साठवताना ‘र’ आधी. जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवल्या होत्या आणि त्यांत रफार ‘ण’नंतर टाइप होई. पडद्यावर शब्द तोच दिसतो, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ मिळतो. 1991 च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी होती, तरी मराठीतला कितीतरी मजकूर पुढेही असाच चढत राहिला.

वाचता आलेलं पानही यंत्र नाकारतं. किल्ल्याची तीच माहिती दहा ठिकाणी उतरवलेली असेल, तर त्यातलं एक पान मूळ मानून बाकीची बाजूला पडतात. किल्ल्याचा इतिहास उतरवून घेण्यापेक्षा आपल्या घरापासून किल्ल्याचा दरवाजा किती मिनिटांवर आहे, पावसाळ्यात वाट कशी असते, हे लिहावं. ते दुसऱ्या कुठल्या पानावर नसतं.

तपासणी घरच्या घरी होते. शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाकावा. पानं दिसली तर ती सूचीत आहेत आणि अडचण क्रमाची आहे. काहीच दिसलं नाही, तर गूगलच्या मोफत ‘सर्च कन्सोल’मध्ये पान का घेतलं नाही याचं कारण पाहावं. मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा, तिथे रोमन अक्षरं उमटली तर फॉन्टचा दोष. साइट नवी असेल तर काही आठवडे धीर धरावा.

एवढं पाहण्याआधी ‘पैसे द्या, पहिल्या क्रमांकावर आणतो’ म्हणणाऱ्याला होकार देऊ नये. जाहिरातीची जागा विकत मिळते आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. पण मूळ निकालांतला क्रम गूगल पैसे घेऊन बदलत नाही.