गैरहजरांची नोंदवही

झुरिकच्या नगरपरिषदेने १५२६ साली आपल्या हद्दीतल्या चर्चच्या पाळकांना हुकूम काढला. ज्या मुलाचा बाप्तिस्मा होईल आणि ज्या जोडप्याचं लग्न लागेल, त्यांची नावं यापुढे वहीत लिहून ठेवायची. वंशावळी जपाव्यात, असा विचार त्यामागे अजिबात नव्हता. १५२५च्या जानेवारीत याच शहरात काही जणांनी एका घरात जमून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला होता. तान्ह्या मुलाला श्रद्धा कशाशी खातात हे कळत नाही, म्हणून बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. धर्मसुधारक झ्विंग्लीच्या नव्या सुधारित चर्चला आणि शहराच्या कारभाऱ्यांना हे उघड बंड वाटलं. कोणत्या घरात पाळणा हलला आणि तरी मूल चर्चमध्ये आलं नाही, हे शोधायचं तर आलेल्या मुलांची यादी हाताशी हवी. यादी सुरू झाली. ५ जानेवारी १५२७ रोजी या बंडखोरांपैकी फेलिक्स मान्त्स याला लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आलं.

आज अमेरिकेतली असंख्य कुटुंबं आपले स्विस पूर्वज शोधतात ती याच आणि अशाच वह्यांतून. लेखणी हाती न धरलेल्या शेतकऱ्याचं, विणकराचं, दाईचं नाव दुसरीकडे सहसा सापडत नाही. पण वह्या चाळताना त्या कशासाठी उघडल्या गेल्या हे विसरलं, तर त्यातल्या रिकाम्या जागांचा अर्थ लागत नाही. ज्यांना पकडण्यासाठी ही नोंद सुरू झाली, ते तिच्यात बहुधा नसतातच. आणि वंशज शोधत येतात ते नेमके त्यांनाच.

तशी झुरिकची वही ही पहिली नव्हे. आजच्या जुरा कँटनमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, पोराँत्रुईची बाप्तिस्म्यांची नोंद १४८१पासून आहे आणि बाझलच्या सेंट थिओडोर चर्चची १४९०पासून. कॅथलिक जगाला हा नियम लागू झाला तो ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्नांची नोंद सक्तीची केली तेव्हा. तोच नियम पोर्तुगीज सत्तेबरोबर आपल्याकडे आला. गोव्यात १५६७ साली भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने ट्रेंटचे ठराव स्वीकारले. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या पॅरिशचं जुनं पुस्तक आणि कॅथलिक लुझर्नच्या डोंगरातलं पुस्तक यांचा साचा ओळखीचा वाटतो, तो योगायोग नाही.

आता बर्नच्या ताब्यातल्या एखाद्या खेड्याचं सतराव्या शतकातलं पान समोर घेऊ. समासात मुलाचं नाव. पुढे बापाचं नाव, मग आईचं, आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासह. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे शोध केवळ बापाच्या अंगाने जात नाही. बाईचं माहेर कळतं, तिच्या आईचं माहेर कळतं, आणि एका घराण्याच्या शोधात खोऱ्यातली दहा घराणी उलगडत जातात. त्याखाली साक्षीदार म्हणून धर्मपिता आणि धर्ममाता. मुलगा असेल तर दोन पुरुष आणि एक स्त्री, मुलगी असेल तर दोन स्त्रिया आणि एक पुरुष, अशी बर्नमधली रीत. घाईतला संशोधक ही तीन नावं सोडून देतो. पण एकाच नावाचे दोन हान्स गेर्बर एकाच गावात नांदत असतील, तर कोणता आपला हे बापाच्या नावावरून ठरत नाही. धर्ममाता म्हणून कोणाची बहीण उभी राहिली, यावरून ते ठरतं.

मुलाच्या नावाशेजारी कधी बारीक क्रूस दिसतो. मूल गेल्याची ती खूण. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच घरात तेच नाव पुन्हा ठेवलेलं आढळतं, आणि न जगलेल्या भावालाच पूर्वज समजून वंशावळ पुढे रेटली जाते. बर्नच्या खेड्यांत मृत्यूंची नीट नोंद बव्हंशी अठराव्या शतकात सुरू झाली, त्यामुळे त्याआधी हा क्रूसच काय तो आधार. अक्षर म्हणजे कुरेंट ही जुनी जर्मन जोडाक्षरी वळणाची हस्तलिपी. तीत ‘ई’, ‘एन’ आणि ‘एम’ नुसत्या खालीवर रेघा वाटतात. महिन्यांसाठी आकडे वापरलेले असतात आणि तिथे भलेभले अडखळतात. सातचा आकडा काढून पुढे ‘बर’ लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठचा ऑक्टोबर.

तारखांचं प्रकरण आणखी नाजूक आहे. कॅथलिक लुझर्नने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८४ साली स्वीकारलं. प्रोटेस्टंट बर्नने ते जवळजवळ सव्वाशे वर्षं नाकारलं. तिथे ३१ डिसेंबर १७०० नंतर थेट १२ जानेवारी १७०१ उजाडला. मधल्या काळात बर्नच्या हद्दीतलं ट्रूब गाव आणि डोंगरापलीकडचं लुझर्नचं एंटलेबुख खोरं यांत दहा-अकरा दिवसांचं अंतर होतं. ग्राउब्युंडेन भागातल्या काही गावांनी तर १८१२पर्यंत जुनीच तारीख चालवली.

मात्र कोणत्या गावाची वही उघडायची, हे कळल्याशिवाय या साऱ्याचा उपयोग नाही. स्वित्झर्लंडमध्ये त्याचं उत्तर जन्मगाव हे नसतं. स्विस पासपोर्टावर आजही जन्मस्थळ छापत नाहीत, हायमाटोर्ट छापतात, म्हणजे घराण्याला ज्या गावचं नागरिकत्व आहे ते मूळ गाव. पणजोबा झुरिकला जन्मले, आजोबा जिनिव्हाला, तरी सगळे एमेंटालमधल्या लांगनाऊचे. याचं मूळ गरिबीत आहे. स्विस संघाने १५५१ साली ठरवलं की, ज्याने त्याने आपापल्या गावच्या गरिबांना पोसायचं. मग आपला कोण आणि परका कोण, याचा हिशेब प्रत्येक गाव कसोशीने ठेवू लागलं. बर्नमध्ये १८२०च्या दशकापासून प्रत्येक गावाने आपल्या नागरिकांचं कुटुंबवार पुस्तकच घातलं, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांचे जन्म-मृत्यूही त्यात चढवायचा नियम होता. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गाव आणि कुळ यांवरूनच घराणं सापडतं. पण तिथे यात्रेकरू आपण होऊन जातो, आपल्या तोंडाने वडिलांची नावं सांगतो. इथे लिहिणारा सत्तेचा माणूस होता, आणि ज्याचं नाव लिहिलं जाई त्याला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती.

‘नको’ म्हणणारे तरीही होतेच. बर्नच्या डोंगरी खोऱ्यांत जाणत्या वयात बाप्तिस्मा घेणारे अ‍ॅनाबाप्टिस्ट, त्यांना तिकडे टॉयफर म्हणत, दीडशे वर्षांच्या छळानंतरही टिकून राहिले. १६५९ साली बर्नने त्यांच्या बंदोबस्तासाठी खास खातं काढलं. १६७१ साली सुमारे सातशे माणसं हुसकावली गेली आणि ऱ्हाईन नदीच्या काठाने जर्मन मुलखातल्या पॅलाटिनेटमध्ये पोहोचली. १७११ साली शेकडो जणांना होड्यांत बसवून हॉलंडकडे रवाना केलं गेलं.

यांच्यापैकी याकोब अम्मान याचं चरित्र या वह्यांच्या मर्यादा आणि सामर्थ्य दोन्ही दाखवतं. आमिश पंथाला ज्याचं नाव मिळालं, तोच हा. सिमेंटाल खोऱ्यातल्या एर्लेनबाखच्या वहीत १२ फेब्रुवारी १६४४ला त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. म्हणजे तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याविरुद्ध उभा राहणारा हा माणूस स्वतः मात्र त्या वहीत रीतसर आहे, कारण त्याचे आईबाप अजून सुधारित चर्चचे होते. त्याचा धंदा शिंप्याचा. पुढे १६८० साली ओबरहोफेनच्या अधिकाऱ्याच्या पत्रव्यवहारात तो टॉयफर झाल्याची तक्रार येते आणि गावच्या वहीतून तो नाहीसा होतो. १६९३ साली त्याच्या कडक शिस्तीवरून पंथात फूट पडली. तो आल्सासमध्ये राहिला. १७१२ साली फ्रान्सच्या राजाने तिथूनही अ‍ॅनाबाप्टिस्टांना घालवलं, आणि त्यानंतर अम्मान कुठे गेला, कुठे वारला, याचा माग लागत नाही. मग १७३० साली एर्लेनबाखची वही पुन्हा बोलते. अम्मानची मुलगी गावात आली आहे, प्रौढ वयात सुधारित चर्चचा बाप्तिस्मा मागते आहे, आणि आपले वडील परमुलखात निवर्तले असं सांगते आहे. अम्मान तेव्हा हयात नव्हता, एवढं आपल्याला कळतं ते या नोंदीमुळे, त्याच्या कोणा अनुयायाच्या लिखाणातून नव्हे. ही नोंद वाचताना माझा जीव त्या मुलीत अडकतो. ज्या दारातून बाप बाहेर पडला, त्याच दारातून आत येताना तिने काय काय गिळलं असेल, ते पाळकाने लिहिलेलं नाही.

सगळेच काही श्रद्धेपायी गेले नाहीत. तीस वर्षांच्या युद्धाने पॅलाटिनेट ओस पडलं होतं, १६४८नंतर तिथे शेतं मोकळी होती आणि बर्न-झुरिकच्या खेड्यांत माणसं जास्त झाली होती. पॅलाटिनेटचा सत्ताधीश कार्ल लुडविग याने १६६४ साली मेनोनाइटांनाही, म्हणजे टॉयफरांच्याच जातकुळीच्या पंथालाही, राहायची मुभा दिली. त्यामुळे तिथल्या चर्चच्या वह्यांत ‘स्वित्झर्लंडचा’ किंवा ‘बर्न मुलखातला’ असा शेरा जागोजागी भेटतो. गावाचं नाव लिहिलं असेल तर नशीबच. नुसता मुलूख लिहिला असेल तर बर्नची शेकडो गावं धुंडाळणं आलं. शिवाय १६८९ साली फ्रेंच फौजांनी हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर, वोर्म्स जाळली, आणि आगीत कागद आधी जातात.

अमेरिकेचे एकतिसावे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं घराणं याच वाटेने गेलं. मूळ आर्गाऊमधलं ओबरकुल्म, जे तेव्हा बर्नच्या अमलाखाली होतं. मग पॅलाटिनेटमधलं एल्लरश्टाट, तिथे १७२३ साली आंद्रेआस हूबर जन्मला. १७३८ साली तो फिलाडेल्फियाला उतरला, आणि हूबरचं हूवर झालं. योडेरचं योडर, म्युलरचं मिलर, नॉयनश्वांडरचं न्यूस्वांगर, अशा कितीतरी नावांनी समुद्र ओलांडताना रूप पालटलं. पेनसिल्व्हेनियाने १७२७पासून परदेशी पुरुषांकडून निष्ठेची शपथ आणि सही घ्यायला सुरुवात केली, त्या याद्या शाबूत आहेत. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने खूण केली आणि नाव लिहिलं कारकुनाने, स्वतःच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

एका कागदाबद्दल मात्र मला सावधपणे लिहावंसं वाटतं. बर्नच्या प्रत्येक पॅरिशमध्ये नीतिन्यायालय होतं, पाळक आणि गावचे प्रतिष्ठित मिळून चालवलेलं. अविवाहित मुलगी गरोदर राहिली की तिला तिथे उभं करत. आणि प्रसूतीच्या वेळी, कळा चालू असताना, बापाचं नाव वदवून घेतलं जाई. वेदनेत माणूस खोटं बोलत नाही, असा समज. या इतिवृत्तांमुळे अनेक तुटलेल्या वंशावळी जोडल्या जातात, कारण बाप्तिस्म्याच्या वहीत जिथे बापाची जागा कोरी असते तिथे हा जबाब सापडतो. माहिती खरी असेलही. पण ती कशी मिळवली हेही कुटुंबाच्या इतिहासात लिहिलं जावं, त्या मुलीच्या नावासकट.

ग्लारुस कँटनचं मात्र वेगळं भाग्य. तिथल्या योहान याकोब कुबली-म्युलर (१८५०–१९३३) या गृहस्थाने पॅरिशच्या वह्या लावून कँटनमधल्या सगळ्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून काढल्या. त्यामुळे १८४५ साली ग्लारुसमधून जाऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये न्यू ग्लारुस वसवणाऱ्यांच्या वंशजांना वाट आयती मिळते. एमेंटालवाल्यांना ती पानापानाने काढावी लागते.

निदान पानं तरी आता दूर नाहीत. बर्नच्या सरकारी अभिलेखागाराने १८७५पर्यंतच्या चर्चच्या वह्यांची छायाचित्रं सर्वांना मोफत पाहायला ठेवली आहेत. १ जानेवारी १८७६पासून नोंदीचं काम चर्चकडून सरकारी दफ्तराकडे गेलं, आणि तिथून पुढची पुस्तकं हयात माणसांच्या खासगीपणासाठी ठरावीक वर्षं बंद असतात. म्हणून मूळ गाव सापडलेल्या कुटुंबाला सोळाव्या-सतराव्या शतकातला पूर्वज घरबसल्या वाचता येतो, पण पणजोबांच्या जन्माच्या दाखल्यासाठी मूळ गावच्या नोंदणी कचेरीकडे नातं सिद्ध करून अर्ज धाडावा लागतो.