टपावरचे पांढरे अळंबे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलात, तर मासेमारी नौकांच्या केबिनच्या टपाकडे जरा निरखून पाहा. अळंब्यासारखी पांढरी टोपी तुम्हांला दिसेल. खाली तांडेलासमोर असतो तो जीपीएसचा ग्राहक. वरची टोपी ही त्याची अँटेना. रात्री किनारा दिसेनासा झाला, की वाटेतले खडक चुकवून बंदराचे तोंड गाठायचे ते हिच्याच भरवशावर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून अँटेनाला किती शक्ती मिळते? एका वॉटचे एक कोटी भाग करा आणि त्यांतल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी. साधारण तेवढी! ग्राहकातील विद्युत् गोंगाटही तिच्याहून मोठा असतो. उपग्रहाचा सांकेतिक क्रम आधीच ठाऊक असतो, म्हणूनच ग्राहक त्यातून संदेश हुडकू शकतो.

मग टीव्हीसारखी तबकडी का लावत नाहीत? तबकडी एकाच दिशेचे ऐकते. स्थान काढायला मात्र निदान ४ उपग्रह एकाच वेळी हवेत, तेही आकाशभर विखुरलेले. शिवाय नौका सारखी डुलत असते. तेव्हा अँटेनाला सगळे आकाश मोकळे हवे. लोखंडी पत्र्याखाली ठेवली, तर ती बहिरीच!

टोपीच्या आत बहुधा सिरॅमिकची चौकोनी वडी आणि तिच्यावर धातूचा थर असतो. जीपीएसची एक मुख्य कंप्रता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर (भागाकार तुम्हीच करून पाहा). हवेत अशा थराची बाजू तिच्या निम्मी, ९.५ सेंटिमीटर लागेल. सिरॅमिकमध्ये मात्र तरंग आखडतो. पारवैद्युतांक १६ असेल, तर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे चौपट! त्यामुळे अडीच सेंटिमीटरांची वडी पुरते. तिच्या खालीच प्रवर्धक बसवतात. नाहीतर हा क्षीण संदेश केबलमध्येच आणखी विरायचा.

खरी गंमत पुढेच आहे. उपग्रहाचा तरंग उजव्या मळसूत्रासारखा फिरत येतो. समुद्रावरून परावर्तित झाला, की तो बहुतांशी डावा होतो. आरशात उजवा हात डावा दिसतो ना, तसा. अँटेना उजव्या फिरकीसाठी घडवलेली असल्याने असे संदेश बरेचसे गाळले जातात. ते गाळायलाच हवेत, कारण ते लांबच्या वाटेने येतात आणि १० नॅनोसेकंदांचा उशीर म्हणजे अंतरात ३ मीटरांची चूक.

मोबाइलमध्ये जागा थोडी, म्हणून त्यातील अँटेना साधी असते. तिला उजवे-डावे फारसे कळत नाही. उंच इमारतींमधून जाताना नकाशावरचा तुमचा ठिपका कधी कधी शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, त्याचे हे एक कारण.