फुकट द्यायलाही मालक लागतो

आयबीएमचा पीसी येण्याआधी छोट्या संगणकांच्या जगात सीपी/एम या कार्यप्रणालीचं राज्य होतं. गॅरी किल्डॉल या अमेरिकी प्राध्यापकाने इंटेलच्या ८०८० चिपसाठी ती १९७४ मध्ये लिहिली. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा कीबोर्ड, पडदा आणि फ्लॉपी वेगळी असायची. किल्डॉलने या यंत्रांशी बोलणारा भाग ‘बायॉस’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात काढला. उत्पादकाने तेवढाच आपल्या यंत्रापुरता लिहायचा, की लेखनासाठीचा वर्डस्टार, माहिती साठवण्यासाठीचा डीबेस हे प्रोग्राम त्यावर चालू लागायचे. हे सगळं ६४ किलोबाइट स्मृतीत! आज फोनवरचा एक साधा फोटोही त्यात मावणार नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉस या कार्यप्रणालीने बाजार जिंकला आणि सीपी/एमला कोणी विचारेना. पण मालकी काही संपली नाही. सातबाऱ्यावर नावं चढत जावीत तशी ती फिरत राहिली. किल्डॉलची डिजिटल रिसर्च ही कंपनी १९९१ मध्ये नॉव्हेलने घेतली, १९९६ मध्ये हे हक्क काल्डेराकडे गेले, पुढे लिनिओकडे. यातल्या कोणालाही सीपी/एम विकायची नव्हती; मोठ्या व्यवहारात ती सोबत आली, एवढंच.

जुनी यंत्रं जपणाऱ्या हौशी मंडळींचं मात्र तिच्यावाचून अडत होतं. २००१ मध्ये लिनिओच्या ब्रायन स्पार्क्स यांनी ती वापरायला, वाटायला, बदलायला ई-मेलने परवानगी दिली. पण मजकुरात सीपी/एम जपणाऱ्या एका विशिष्ट संकेतस्थळाचा उल्लेख होता. मग परवानगी त्यांनाच, की सगळ्यांना? ही शंका फिटायला २०२२ उजाडलं. स्पार्क्स यांनीच तेव्हा खुलासा केला की ती सर्वांसाठी आहे. एका मोघम वाक्याची किंमत एकवीस वर्षं.

तंत्राची अडचण त्यामानाने कधीच सुटली आहे. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो, दमट हवेत त्यावर बुरशी चढते; पण त्यावरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी उपकरणं आता हौशी माणसालाही परवडतात. टिपलेला प्रोग्राम एम्युलेटरवर चालतो. म्हणजे जुन्या चिपला कळणारी एकेक आज्ञा नवा संगणक तिच्या जागी पार पाडतो. कायद्याचं घड्याळ मात्र फ्लॉपीच्या मानाने फारच सावकाश चालतं. अमेरिकेत कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अशा प्रोग्रामचा कॉपीराइट ९५ वर्षं टिकतो. पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ चा. तो आपोआप मुक्त व्हायला २०७५ साल उजाडावं लागेल. तोवर कुठली फ्लॉपी शाबूत राहणार?

व्हिजिकॅल्कचं नशीब बरं. त्याचा एक जनक डॅन ब्रिकलिन याच्या कंपनीची मालमत्ता १९८५ मध्ये लोटसने घेतली होती. पुढे ब्रिकलिनने लोटसकडे रीतसर परवानगी मागितली आणि १९८१ ची पीसी आवृत्ती तो फुकट वाटू लागला. स्वतः घडवलेली वस्तू वाटायला दुसऱ्याची परवानगी! तो प्रोग्राम अवघा २७,५२० बाइटांचा आहे आणि आजही चालतो.

हे निव्वळ स्मरणरंजन आहे, असं म्हणणाऱ्यांनी वर्डस्टारची एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात. आठवा मोकळा असतो. स्मृती महाग होती, म्हणून वर्डस्टारने ओळींच्या मांडणीची खूण शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या या आठव्या बिटात ठेवली. आजच्या साध्या एडिटरमध्ये अशी फाइल उघडली, तर शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र चिन्हं होऊन दिसतात. ती नीट वाचायचा खात्रीचा मार्ग म्हणजे मूळ प्रोग्राम.

फुकट देण्याचेही प्रकार आहेत. बोर्लंडने टर्बो पास्कल, टर्बो सी यांच्या काही जुन्या आवृत्त्या मोफत केल्या, पण चालवण्यापुरत्या. (आपल्या कॉलेजांतली टर्बोची ती निळी खिडकी अनेकांना आठवेल.) मायक्रोसॉफ्टने डॉसच्या दोन सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ कोड २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयामार्फत अभ्यासापुरता दाखवला आणि २०१८ मध्ये तो वापरायला, बदलायलाही मोकळा केला. माझ्या मते खरं जतन हे दुसरं. नुसता चालणारा प्रोग्राम आतून कसा आहे, ते सहजी कळत नाही. पण कोडच हरवला असेल, तर निदान पहिलं तरी व्हावं.

आपल्यालाही हे लागू आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठीची छपाई वेगवेगळ्या फाँट-प्रणालींवर होत असे आणि प्रत्येकीत ‘क’चा सांकेतिक क्रमांक वेगळा असू शके. त्या काळातल्या पुस्तकांच्या, अंकांच्या फाइली त्या-त्या प्रोग्रामशिवाय नीट वाचता येत नाहीत. संगणकावर भारतीय लिपी आणणारं पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्डही त्याच पर्वातलं. या मराठी सॉफ्टवेअरचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी बाजारातून केव्हाच गेलेल्या आवृत्त्या मोफत जाहीर कराव्यात. आणि परवानगी लिहिताना ती कोणाला, कशासाठी, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट करावं.