रोजच्या भाकरीची भाषा

सक्करदऱ्याला बुधवारचा बाजार भरतो. भाजीच्या पाट्या आणि सायकलींची गर्दी ओलांडून पलीकडे गेले की एक रद्दीचे दुकान लागते. जुन्या पुस्तकांच्या आशेने तिथे डोकावण्याची माझी जुनी खोड आहे. मागच्या पावसाळ्यात त्या ढिगातून एक जाडसर पुस्तक हाती आले. मुखपृष्ठ नव्हतेच. पाठीची शिवण उसवली होती आणि कुणीतरी ती गादीच्या दोऱ्याने पुन्हा टाचली होती. पानांच्या कडा अंगठ्याच्या स्पर्शाने काळवंडलेल्या. आत सगळी गीते. शेवटच्या कोऱ्या पानावर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत एका घराण्यातले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू टिपलेले होते. रद्दीवाल्याने ते वजनावर दिले.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. दर रविवारी उपासनेच्या आधी त्या आपल्या लहानशा मंडळीतल्या मुलांचा वर्ग घेतात. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी पदराने पुसले, मग उघडले.

“अहो भाऊ, हे ‘उपासना संगीत’ आहे. आमच्याकडे बायबल आणि हे, अशी दोन पुस्तकं प्रत्येक घरी असायची. मुलगी सासरी निघाली की तिच्या पेटीत जायची.” मग शेवटचे पान वाचून म्हणाल्या, “रद्दीत गेलं याचं एवढं वाईट नाही वाटत. पण ज्या घरातून हे आलं, तिथे आता हे वाचणारं कुणी राहिलं नसेल, त्याचं वाटतं.”

त्या एका वाक्याने मला या विषयाच्या मागे लावले. प्रार्थना ही बहुतेकांना पाठच असते, त्यामुळे ती कुणीतरी लिहिली, कुणीतरी खिळे जुळवून छापली, कुणीतरी पैसे उभे केले, हे आपल्या ध्यानातच येत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातातल्या प्रार्थनापुस्तकामागे तर चारशे वर्षांची खटपट आहे, आणि तिचे काही धागे थेट आपल्या नागपुरात येऊन मिळतात.

लिपीसाठी अडलेले पुराण

या कथेची सुरुवात गोव्यात होते. १५५६ मध्ये तिथे छापखाना आला. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो तिकडेच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी ऐकावे-वाचावे असे काहीच नव्हते. घरातला देव्हारा उचलला गेला, पण संध्याकाळी कानांवर पडणारी ओवी कुठून आणायची? स्टीफन्सने ही भूक ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ख्रिस्ती शिकवणीची त्याची प्रश्नोत्तरावली कोकणीत होती. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपातले ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, निघाले.

गंमत अशी, की मराठीची इतकी थोरवी गाणाऱ्या या माणसाचे पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. आपल्या लिपीचे ठसे पाडून मिळावेत म्हणून त्याने १६०८ मध्ये रोमला पत्रही लिहिले होते. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे असा हा पसारा धातूत ओतायचा म्हणजे शेकडो ठसे. ते काम झाले नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवरच बंदीचा हुकूम काढला. तरीही पुराण टिकले, ते लोकांनी हाताने नकला करून घेतल्या म्हणून. छापखान्याने जे राखले नाही, ते वहीने राखले.

मोडीपासून बाळबोधपर्यंत

दुसरा धागा बंगालमधल्या श्रीरामपूरचा. तिथे विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार काढला, तोही मोडीत, कारण व्यवहारात लोकांच्या डोळ्यांना मोडीची सवय होती. त्याच छापखान्यातून पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी गद्याची पुस्तके बाहेर पडली. त्यांत रघूजी भोसल्यांची वंशावळही होती. सक्करदऱ्याचे आणि भोसल्यांचे नाते नागपूरकरांना सांगायला नको. ज्या छापखान्यात शुभवर्तमान छापले जात होते, त्याच छापखान्यात आपल्या राजघराण्याची वंशावळ छापली गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

तिसरा धागा मुंबईचा. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये तिथे आले आणि चार वर्षांत त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. ही पुस्तके पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्यांच्या हाताखाली पोरवयात काम शिकलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागरचे मालक झाले. म्हणजे आपल्या आजोबांच्या घरातली पोथी आणि बाईंच्या आजोबांच्या घरातले गीतपुस्तक यांची अक्षरे एकाच मुशीतली. धर्म वेगळे असतील, पण खिळे भावकीतले होते.

मुंबईत १८२७ पासून ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी काम करू लागली. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. रेल्वे यायला अजून बावीस वर्षे होती. मुंबईत छापलेले एखादे पुस्तक इथल्या मंडळीच्या हाती पडणे हाच केवढा प्रवास! हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. आज त्यांचे नाव महाविद्यालयामुळे सर्वांच्या तोंडी आहे.

चाल आपली हवी

पुस्तके आली, पण गाण्याचे काय? सुरुवातीच्या गीतांत भाषांतरे पुष्कळ होती. इंग्रजी चालीचा आघात एकीकडे आणि मराठी शब्दाचा जोर दुसरीकडे. शब्द बिचारा मधेच मोडायचा. बाईंनी मला असे एक जुने गीत म्हणून दाखवले आणि स्वतःच हसल्या. “हे म्हणताना असं वाटतं, की पाहुण्यांचा कोट घालून आपण आपल्याच घरी बसलो आहोत.”

हा कोट उतरवला नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या आयुष्याचे वळणही नागपूरशी जोडलेले आहे. १८९० नंतरच्या काळात टिळक इथे श्रीमंत बुटींच्या आश्रयाने ग्रंथकार्य करीत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडले, पुन्हा जुळले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ते सारे लिहून ठेवले आहे, ते इथे सांगण्याची गरज नाही. सांगायचे ते एवढेच, की टिळकांनी धर्म बदलला, पण तुकाराम सोडला नाही. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी ख्रिस्तमंदिरात नेले. झांजा आणि मृदंगाला तिथे जागा मिळाली. मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकातला मोठा वाटा त्यांचा आहे. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या याच लक्ष्मीबाई १९३३ मध्ये नागपुरात भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

अशीच दुसरी बाई केडगावला होती. पंडिता रमाबाईंना वाटे, की बायबलची प्रचलित मराठी साध्या बायकांना जड जाते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकटीने सबंध बायबल मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तिसदनातल्या बायका-मुलींनीच ते जुळवले, छापले आणि बांधले. ज्यांना समाजाने वाचू दिले नव्हते, त्या खिळे जुळवत होत्या.

सहा घरांची एक चूल

२९ नोव्हेंबर १९७० हा दिवस नागपूरच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. त्या दिवशी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. जाहीर घोषणा एका दिवसात होते. एकत्र प्रार्थना करायला मात्र पुस्तक लागते. यांतल्या अँग्लिकनांना शब्दन्‌शब्द ठरलेल्या उपासनेची सवय. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन यांना मनात येईल ती प्रार्थना उत्स्फूर्त करण्याची. कुणी बाळाला बाप्तिस्मा देणारे, कुणी जाणत्या वयातच देणारे. सहा जावांनी एका चुलीवर स्वयंपाक करायचा, तर मिठाचे माप कुणाचे धरायचे? अशा वेळी पुस्तकाचे संपादन हे निव्वळ मुद्रितशोधन राहत नाही, तो घर टिकवण्याचा उद्योग होतो.

कॅथलिकांकडे हेच वेगळ्या रीतीने घडले. शतकानुशतके त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला दार उघडले आणि एका पिढीच्या आत मिस्साविधी, वाचने, गीते सारे मराठीत आणावे लागले. ‘निरोप्या’ हे मासिक १९०३ पासूनचे, वसईचे ‘सुवार्ता’ नंतरचे. या मासिकांनी ती मराठी घडवायला हातभार लावला. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ ख्रिस्ती नसलेल्या घरांतही वाचले गेले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आपल्या सदरमधले कॅथलिक कॅथीड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे आहे. हे संत लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते मानले जातात. लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा ते आपली शिकवण कागदावर लिहून घराघरांच्या दाराखालून आत सरकवीत. चारशे वर्षांपूर्वीची ही हस्तपत्रके!

आजचा प्रश्न

बाईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत झेरॉक्स केलेल्या पुस्तिका. “मग मीही तेच करते म्हणा ना!”

त्यांची अडचण साधी आहे आणि म्हणूनच अवघड आहे. वर्गातली बहुतेक मुले इंग्रजी शाळेत जातात. घरी ती मराठी आणि हिंदी मिसळून बोलतात, पण मराठी वाचताना अडखळतात. मोठ्यांसाठीचे गीतपुस्तक त्यांना जड. इंग्रजीत मुलांची रंगीत पुस्तके हवी तेवढी, पण त्यांत बर्फ पडतो आणि पावावर लोणी लावतात. मराठीत पुस्तक काढायचे, तर छोट्या मंडळीला किती प्रती लागणार? पन्नास. पन्नास प्रतींसाठी कोणता मुद्रक यंत्र चालू करील? प्रती कमी म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून गिऱ्हाईक कमी. हा फेरा कोणत्याही लहान प्रकाशकाला विचारा, तो डोळे मिटून सांगेल. मोबाईलवर सारे फुकट मिळते हे खरेच आहे. “मिळतं हो,” बाई म्हणतात, “पण मोबाईलच्या शेवटच्या पानावर कुणाचा जन्म कोण लिहून ठेवणार?”

मी ख्रिस्ती नाही. तरी हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्या घरातली आजीची स्तोत्रे माझ्या मुलाला येत नाहीत, आणि ती कुठल्या वहीत आहेत हे मला आता सांगता येत नाही. ज्या भाषेत माणूस देवाशी बोलतो, ती त्याच्या घरातून सगळ्यात शेवटी जाते असे मला वाटायचे. आता तेवढी खात्री राहिली नाही.

बाई दरवर्षी आगमनकाळाआधी एक पुस्तिका करतात. आधी वहीत लिहितात: सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची, परीक्षेला जातानाची, आजोबा आजारी असतानाची. मग कोपऱ्यावरच्या टंकलेखनाच्या दुकानात ती संगणकावर चढवली जाते. यंदा मुद्रिते तपासायला त्यांनी मला बसवले. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली आणि जोडाक्षरे फुटली. ‘ख्रिस्त’ या शब्दाची तर तीन ठिकाणी तीन शकले झाली होती. चारशे वर्षांपूर्वी राशोलला स्टीफन्स ज्या जोडाक्षरांशी अडला, त्याच जोडाक्षरांशी सक्करदऱ्यात आम्ही दोघे दुपारभर झुंजत होतो.

शेवटच्या पानावर प्रभूची प्रार्थना होती. टंकलेखक मुलगा मोठा चोख. त्याने ‘भाकर’ हा शब्द आपल्या मते सुधारून ‘भाकरी’ केला होता. मी म्हटले, “बाई, राहू द्या की. अर्थ तोच.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. “भाऊ, ज्यांनी हे पहिल्यांदा मराठीत केलं, त्यांच्या ताटात पाव होता. तरी त्यांनी आपल्या लोकांच्या ताटात पाहिलं आणि भाकर लिहिलं. आपल्या विदर्भात आजही भाकरच म्हणतात. तेवढं तरी पोरांना कळू द्या.”

आणि लाल शाईने त्यांनी ती वेलांटी खोडली.